कॅमेरा होता, तरीही

नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईतल्या खारघरच्या एका पाळणाघरातलं चित्रण देशभर दाखवलं गेलं. दहा महिन्यांच्या मुलीला सांभाळायला ठेवलेली बाई तिलाच मारत होती, आपटत होती. आईवडिलांना बाळाच्या अंगावर जखमा दिसल्या, ते पोलिसांत गेले, आणि मग ते चित्रण बाहेर आलं. त्या बाईला आणि पाळणाघराच्या संचालिकेला अटक झाली. सुरुवातीला लावलेली कलमं फार सौम्य आहेत म्हणून लोक खवळले, तेव्हा खुनाच्या प्रयत्नाचं कलम लागलं. त्या आठवड्यात नवी मुंबईतल्या कितीतरी आयांनी रजा टाकली असेल, कितीतरी आज्या गावाहून बोलावल्या गेल्या असतील.

त्या प्रकरणातून सगळ्यांनी एकच धडा घेतला: कॅमेरा लावा. आज पाळणाघराच्या पाटीवर ‘सीसीटीव्हीची सोय’ हे शब्द ठळक असतात, आणि पालकांचा पहिला प्रश्नही तोच असतो, मोबाइलवर दिसेल ना? पण खारघरच्या त्या पाळणाघरात कॅमेरा होता. तो चालू होता, म्हणूनच पुरावा मिळाला. बाळाला मार बसत असताना मात्र ते पाहून धावत येणारं कुणी नव्हतं. ऑगस्ट २०२५ मध्ये नोएडातल्या पाळणाघरात पंधरा महिन्यांच्या मुलीला मारहाण झाली, तिथेही कॅमेरा होता आणि तिथेही पालकांना आधी दिसले ते अंगावरचे वळ. गुन्हा सिद्ध करायला कॅमेरा हवाच. मुलाला वाचवायला मात्र दुसऱ्या गोष्टी लागतात, आणि त्या सगळ्या कंटाळवाण्या आहेत: एका बाईकडे किती मुलं, तिच्यासोबत दुसरं कोण, कागदावर काय लिहिलं जातं, आणि हे तपासायला बाहेरून कोण येतं.

हा प्रश्न नवी मुंबईत जास्त टोचतो, त्याला कारण आहे. सिडको १९७० मध्ये स्थापन झाली आणि मुंबईचा भार हलका करण्यासाठी खाडीपलीकडे हे शहर वसवलं गेलं. इथे राहायला आलेली कुटुंबं सातारा, सांगली, जळगाव, कोकण, केरळ, उत्तर प्रदेश अशी कुठून कुठून आली. आजी-आजोबा मागे राहिले. जुन्या चाळीत शेजारची काकू तासभर मूल सांभाळायची, ती सोय इथल्या बंद दारांच्या सोसायट्यांत सहज मिळत नाही. पनवेलहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला लोकलने सव्वा तासाच्या वर लागतो. तिथे नऊ तासांची नोकरी करणारी आई म्हणजे बारा तास घराबाहेर. ऐरोली, महापे, घणसोलीच्या आयटी संकुलांत रात्री उशिरापर्यंत काम चालतं. पाळणाघर हा या शहराच्या अर्थव्यवस्थेचा पाया आहे, रेल्वे आणि पाणीपुरवठ्याइतकाच. तरी रेल्वे आणि पाण्याचं जसं नियोजन झालं, तसं याचं झालं नाही. शाळांसाठी भूखंड राखले गेले; पाळणाघर मात्र कुणाच्या तरी तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये किंवा रो-हाऊसच्या हॉलमध्ये आपलं आपण उभं राहिलं.

खारघरची घटना घडली तेव्हा पनवेल महानगरपालिकेला दोन महिनेही झाले नव्हते. १ ऑक्टोबर २०१६ ला ती अस्तित्वात आली आणि खारघर तिच्या हद्दीत आलं. पाळणाघर चालवायला त्या वेळी स्वतंत्र परवाना लागतच नव्हता. मग ते बंद कुणी करायचं, तपासायचं कुणी? सिडको, महापालिका, महिला व बालविकास विभाग, पोलीस, सगळीकडे बोट दाखवून झालं. वडापावची गाडी लावणाऱ्याला अन्न व औषध प्रशासनाकडे नोंदणी करावी लागते, आणि वीस तान्ही मुलं दिवसभर सांभाळणाऱ्याला कुणी काही विचारत नाही, हे तेव्हा बहुतेकांना पहिल्यांदा कळलं.

कायदे अजिबात नाहीत असं नाही. ते तुकड्यातुकड्यांत आहेत. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेला १९४८ चा कारखाने कायदा तीसहून अधिक स्त्री कामगार असलेल्या कारखान्यात पाळणाघर ठेवायला सांगत होता. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेवर ही जबाबदारी आली. आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटायची मुभा मिळाली. सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने तर एका किलोमीटरच्या आतल्या अनेक आस्थापनांना मिळून एकच पाळणाघर चालवण्याची वाट मोकळी करून दिली. महापे-तुर्भेच्या औद्योगिक पट्ट्यात भिंतीला भिंत लागून कंपन्या आहेत, त्यांच्यासाठी ही तरतूद अगदी बेतलेली आहे. पण हे सगळं मालकाचं कर्तव्य झालं. नेरुळच्या एखाद्या सोसायटीत चालणाऱ्या खासगी पाळणाघराला यातलं काहीच लागू होत नाही.

दुसरी फट वयाची आहे. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने खासगी प्ले-स्कूलसाठी नियमावली तयार केली, ती तीन ते सहा वर्षांच्या मुलांची. तिच्यात वीस मुलांमागे एक शिक्षिका आणि एक सांभाळणारी बाई सांगितली आहे. राज्यात २०२५ मध्ये खासगी पूर्वप्राथमिक वर्गांची पोर्टलवर नोंद करायला सुरुवात झाली, तिचाही रोख तिथूनच पुढे. म्हणजे ज्याला बोलता येतं, घरी येऊन ‘ताई ओरडल्या’ एवढं तरी सांगता येतं, त्या मुलासाठी थोडीफार व्यवस्था उभी राहते आहे. ज्याला काहीच सांगता येत नाही, ते सहा महिन्यांचं बाळ या सगळ्याच्या बाहेर राहतं.

त्याच्यासाठी एक सरकारी दस्तऐवज आहे. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने नोव्हेंबर २०१८ मध्ये पाळणाघरांसाठी किमान मार्गदर्शक तत्त्वं काढली. दर मुलामागे दहा ते बारा चौरस फूट जागा, शक्यतो तळमजला, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, मुलं असताना प्लंबर किंवा इलेक्ट्रिशियनसारख्या बाहेरच्या माणसाला आत प्रवेश नाही, असं बरंच चांगलं त्यात आहे. मात्र तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे ती तत्त्वं एकच प्रशिक्षित बाई मागतात. इथे थांबून नीट विचार करायला हवा.

दुपारी बाराचं चित्र डोळ्यांसमोर आणावं. दहा मुलं, सगळी दीड वर्षाच्या आतली. दोघांनी शी केली आहे. एक जण मऊ भाताचा घास तोंडात धरून बसला आहे, त्याला ठसका लागू नये म्हणून समोर बसावं लागतं. एक रांगत दाराकडे निघाला आहे. दोन झोपेला आली आहेत आणि मांडीशिवाय झोपणार नाहीत. एकाला सकाळपासून कणकण आहे, त्याची आई फोन उचलत नाही. ही बाई कितीही मायाळू असो, कितीही अनुभवी असो, तिला दोनच हात आहेत. ती आधी थकते, मग चिडते, आणि एखाद्या दिवशी तिचा हात उठतो. इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालच्या तीन मुलांमागे एक मोठं माणूस हा नियम आहे, आणि पैसे घेऊन आठ वर्षांखालची मुलं दिवसात दोन तासांहून जास्त सांभाळायची तर ऑफस्टेड या सरकारी तपासणी संस्थेकडे नोंदणी करावीच लागते. तिथलं सगळं इथे उचलून आणता येणार नाही. तिथल्या फीचे आकडे ऐकून तिथले मराठी आईबापही हादरतात. पण तीन आणि दहा यांच्यामध्ये पाच हा आकडा आहे. नवी मुंबईतल्या पाळणाघरांनी दीड वर्षाखालच्या मुलांसाठी तो धरावा आणि पालकांनी त्यासाठी थोडे जास्त पैसे मोजावेत, हे मागणं अवास्तव नाही.

मुलांसोबत कुणालाही एकटं ठेवायचं नाही, हा दुसरा नियम तितकाच महत्त्वाचा. दोन मोठी माणसं एकमेकांच्या नजरेत असली पाहिजेत. एकीला राग अनावर झाला तर दुसरी म्हणू शकते, तू बाहेर जा, पाणी पी, मी बघते. ही सोय कोणताही कॅमेरा करू शकत नाही. आणि त्या बायकांना जेवणाची निवांत सुट्टी, आठवड्याची रजा आणि जगण्यापुरता पगार मिळायला हवा. पाळणाघराच्या सजावटीवर, भिंतीवरच्या मिकी माऊसवर लाखो रुपये खर्च होतात, आणि मुलाला दिवसभर हातात घेणारी मावशी तिथल्या सगळ्यांत कमी पगारावर असते. दर चार महिन्यांनी मावशी बदलत असेल, तर त्या पाळणाघराबद्दल आणखी काही विचारायची गरज उरत नाही.

राहिला कागद. नियमावली म्हटलं की लोकांना फायली आठवतात, पण पाळणाघराला लागणारी कागदपत्रं एका वहीत मावतात. प्रवेशाच्या वेळी मुलाच्या ॲलर्जी, लसीकरणाची नोंद, डॉक्टरांचा नंबर आणि मुलाला न्यायला कोण कोण येऊ शकतं त्यांची नावं व फोटो. यादीत नसलेला माणूस आला, मग तो सख्खा काका का असेना, आईशी बोलल्याशिवाय मूल हाती द्यायचं नाही. विभक्त आईवडिलांच्या भांडणात हा नियम किती मोलाचा ठरतो, हे पाळणाघर चालवणाऱ्या बायकांना चांगलं माहीत असतं. औषध पालकांच्या लेखी सूचनेशिवाय द्यायचं नाही, आणि दिलं की वेळ व मात्रा लिहायची. नाहीतर चार वाजता मावशी तापाचं औषध देते आणि सहा वाजता आई पुन्हा देते. तान्ह्या बाळाला पाठीवर झोपवायचं, तोंडाशी उशी-दुपट्टा ठेवायचा नाही, दुधाची बाटली टेकवून निघून जायचं नाही, आणि झोपलेल्या मुलांच्या खोलीत कुणीतरी जागं बसायचं. अख्खे शेंगदाणे आणि अख्खी द्राक्षं लहान मुलांच्या डब्यात चालणार नाहीत. घशात काही अडकलं तर काय करायचं, ते तिथल्या प्रत्येकीने हाताने करून शिकलेलं असावं.

या वहीतलं सगळ्यांत अवघड पान इजेच्या नोंदीचं. मूल पडतं, एकमेकांना चावतं, कपाळाला टेंगूळ येतं, हे घडतंच. कधी, कसं, तेव्हा जवळ कोण होतं, काय उपचार केला, हे त्याच दिवशी लिहून पालकांची सही घ्यायची. ज्या पाळणाघरात सहा महिन्यांत एकही नोंद नाही, तिथे मुलं पडत नाहीत असा अर्थ होत नाही. तिथे लिहीत नाहीत एवढाच होतो. आणि संशय लैंगिक अत्याचाराचा असेल तर गप्प बसणं हा गुन्हा आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७५ मुलांशी क्रूरतेने वागणाऱ्या संस्थेतल्या कर्मचाऱ्याला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड सांगतं. प्रत्येक मावशीला हे कामावर घेतानाच समजावून सांगितलं गेलं पाहिजे.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो खरा आहे. नियम कडक केले तर कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत चार-पाच मुलं सांभाळणारी एखादी काकू घाबरून बंद करेल किंवा चोरून चालवेल. तिच्याकडे तळमजला नाही, अग्निशमनाचा दाखला नाही, पण माया आहे आणि तिची फी परवडते. म्हणून एकच मोजमाप सगळ्यांना लावू नये. पाच मुलांपर्यंत साधी मोफत नोंदणी, पोलीस पडताळणी आणि महापालिकेकडून दोन दिवसांचं प्रशिक्षण. त्यावर मुलं गेली की परवाना, जागेची तपासणी आणि वर्षातून निदान दोनदा न सांगता भेट. ही भेट परवाना विभागाच्या निरीक्षकाने देऊन भागणार नाही. नागरी आरोग्य केंद्रातली परिचारिका बाळाचं वजन, त्याचा चेहरा आणि स्वयंपाकघरातलं पाणी पाहून अर्ध्या तासात जे ओळखेल, ते दुसऱ्या कुणाला ओळखू येणार नाही. विशेष मुलांसाठी नवी मुंबई महापालिकेने वाशीला ईटीसी केंद्र उभारलं. मनावर घेतलं तर हे शहर मुलांसाठी काम करू शकतं, याचा तो धडधडीत पुरावा आहे.

आणि फी भरूच न शकणाऱ्या आयांचं काय? या शहरातल्या इमारती ज्यांनी बांधल्या, त्यांची मुलं वाळूच्या ढिगाऱ्यावर वाढली. १९६९ मध्ये दिल्लीत मीरा महादेवन यांनी बांधकामाच्या जागेवरच मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघर सुरू केलं. त्यातून मोबाइल क्रेशेस ही संस्था झाली, १९७२ पासून मुंबईतही काम सुरू झालं, आणि पुढे त्यातून मुंबई मोबाइल क्रेशेस ही वेगळी संस्था उभी राहिली. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात पाळणाघराची तरतूद होती, पण ती पन्नासहून अधिक स्त्री कामगार असतील तिथे. मोबाइल क्रेशेसच्याही आधी, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या आदिवासी मुलांसाठी विकासवाडी उभी केली तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात ठेवली. धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी थोरली मुलगी घरी राहते, हे त्यांनी पाहिलं होतं. धाकट्याची सोय झाली की थोरली शाळेत येते.

नवी मुंबईतल्या घरकाम करणाऱ्या बायकांच्या घरी आजही तीच थोरली मुलगी आहे. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत देशभरात १७ हजार अंगणवाडी-नि-पाळणाघरं करण्याचं उद्दिष्ट आहे. याच्या आधीच्या राष्ट्रीय योजनेत दिवसाला साडेसात तासांची वेळ धरलेली होती. सकाळी सातला सानपाड्याच्या टॉवरमध्ये भांडी घासायला लागणाऱ्या आणि संध्याकाळी सातला शेवटचं घर उरकणाऱ्या बाईला ती पुरत नाही. दोन पाळ्यांत चालणारी पाळणाघरं तुर्भे, दिघा, रबाळेच्या वस्त्यांत हवीत. दिवसा रिकामी असणारी समाजमंदिरं तिथे वापरता येतील. नवी मुंबई आणि पनवेल या दोन्ही महापालिकांनी येत्या अर्थसंकल्पात त्यासाठी स्वतंत्र शीर्ष उघडावं, आणि त्यातला मोठा वाटा मावश्यांच्या पगारासाठी राखून ठेवावा.