कोसंबींचे गणित ही तळटीप नव्हे

🧵 १/ दामोदर धर्मानंद कोसंबींचे नाव निघाले की दोन वाक्ये ठरलेली असतात : ते थोर मार्क्सवादी इतिहासकार होते आणि गणितात ते रीमानच्या गृहीतकापाशी फसले. पहिले वाक्य अपुरे आहे. दुसरे खरे असले, तरी फार सोयीचे आहे.

२/ १९३३ मध्ये एका जर्मन गणिती नियतकालिकात पंचविशीतल्या कोसंबींचा निबंध आला. अरेषीय अवकल समीकरणे बहुधा नेमकी सुटत नाहीत. मग त्यांच्या उकलींच्या वाटा एकमेकींना धरून राहतात की फाकत जातात, हे केवळ भूमितीवरून ओळखता येईल का? त्या निबंधाने या प्रश्नाचे दार उघडले. एली कार्तान यांनी त्याच खंडात त्यावर लगोलग टिपण लिहिले. १९३९ मध्ये चर्न यांनी विषय पुढे नेला. कोसंबी–कार्तान–चर्न सिद्धांत आजही अरेषीय प्रणालींचे स्थैर्य तपासण्यासाठी वापरतात. तिघांत पहिले नाव कोणाचे, हे मराठी वाचकाला क्वचितच सांगितले जाते.

३/ १९४३ चा त्यांचा सांख्यिकीवरील निबंधही तसाच. ती कल्पना पुढे कारुनेन आणि लोएव्ह यांच्या नावाने रूढ झाली. कोसंबी तेव्हा पुण्यात फर्ग्युसनमध्ये शिकवत होते.

४/ रीमानची सिद्धता चुकीची होती आणि चूक त्यांचीच होती. तीही १९५९ मध्ये कृषी-सांख्यिकीच्या नियतकालिकात छापलेली! १९६२ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेने त्यांचा करार वाढवला नाही. पण तीन दशकांचे काम त्या एका निबंधाच्या मापाने मोजणे हा कुठला न्याय?

५/ 'गणित सोडून ते इतिहासाकडे वळले' हे तर साफ चूक. हजारो आहत नाणी त्यांनी स्वतः तोलली. चलनात फिरताना नाणे किती झिजते, हा प्रश्न सांख्यिकीचाच आहे.

६/ आता श्रीपूर. माळशिरस तालुक्यातल्या या साखर कारखान्याच्या गावाच्या पट्ट्यातून तुकोबांची पालखी पंढरीकडे जाते. पालख्यांच्या वाटा वारकरी संप्रदायाहून कितीतरी जुन्या, अश्मयुगीन भटक्यांच्या हंगामी स्थलांतराच्या असाव्यात, असे कोसंबींनी मांडले. त्यासाठी ते रानोमाळ हिंडून दगडी सूक्ष्मास्त्रे वेचत होते. हे अनुमान खोडायचे असेल तर जरूर खोडावे. मात्र त्यासाठी रीमानचा दाखला कामाचा नाही.