विश्लेषण : इमारतीच्या डिजिटल नकाशातल्या दाराला ‘आधार क्रमांक’ कशासाठी?

14 जून 2017 च्या पहाटे पश्चिम लंडनमधला 24 मजली ग्रेनफेल टॉवर पेटला आणि 72 जणांचा जीव गेला. चौथ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये लागलेली आग बाहेरच्या भिंतीवरच्या आवरणामुळे अर्ध्या तासाच्या आत छतापर्यंत पोहोचली. आवरणाच्या ॲल्युमिनियम पत्र्यांमध्ये पॉलिथिनचा गाभा होता. नूतनीकरणात आधी जस्ताचे पत्रे ठरले होते. ते बदलून जवळपास 3 लाख पौंड वाचवण्यात आले. पुढे पोलिसांनी तिथल्या एका दाराची चाचणी घेतली. 30 मिनिटं आग अडवायला हवं असलेलं ते दार सुमारे 15 मिनिटंच टिकलं.

कागदावर काय ठरलं होतं, भिंतीवर काय चढलं आणि बदल कोणी केला, हे एका जागी सापडायला हवं. डेम ज्युडिथ हॅकिट यांनी मे 2018 च्या अहवालात नेमकी हीच मागणी केली आणि तिला नाव दिलं ‘गोल्डन थ्रेड’, म्हणजे सोनेरी धागा. 2022 च्या बिल्डिंग सेफ्टी ॲक्टनंतर इंग्लंडमध्ये 18 मीटर किंवा 7 मजल्यांहून कमी नसलेल्या निवासी इमारतींची ही माहिती डिजिटल स्वरूपात जपणं बंधनकारक झालं.

धागा ओवायचा कसा?

रेव्हिट किंवा आर्चिकॅडसारख्या सॉफ्टवेअरमध्ये दार म्हणजे नुसत्या चार रेघा नसतात. ती एक वस्तू असते. तिची उंची, रुंदी, ती किती मिनिटं आग अडवते हे सगळं तिच्यासोबत नोंदवता येतं. पण दाराची किंमत खरेदी विभागाकडे असते, चाचणीचं प्रमाणपत्र उत्पादकाकडे आणि शेवटची तपासणी कधी झाली हे देखभाल करणाऱ्याकडे. ही मंडळी डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडतही नाहीत. सगळं एकाच फाइलमध्ये कोंबलं तर ती जड होते, आणि माहिती शिळी होते ती वेगळीच.

म्हणून तपशील बाहेरच्या डेटाबेसमध्ये ठेवतात आणि नकाशातल्या दाराशी क्रमांकाने जोडतात. आपल्या आधारसारखंच हे. नावं सारखी असू शकतात, क्रमांक नाही. रेव्हिटसाठी ‘डीबी लिंक’ नावाचं जोडसाधन आहे. आर्चिकॅडमधून गुणधर्म एक्सेलमध्ये काढून, भरून, परत आत घेता येतात. वेगवेगळ्या सॉफ्टवेअरना एकमेकांचं कळावं म्हणून असलेल्या आयएफसी या खुल्या मानकात प्रत्येक वस्तूला 22 अक्षरांची ओळख मिळते.

मग अडतं कुठे?

अगदी क्षुल्लक ठिकाणी. ड्राफ्ट्समनने दार सरकवण्याऐवजी पुसून नवं काढलं, तर दिसायला दार तेच, पण क्रमांक नवा. डेटाबेसमधली जुनी नोंद पोरकी होते आणि पडद्यावर काहीच बिघडलेलं दिसत नाही. क्रमांकाऐवजी ‘डी-12’ अशा खुणेवर जोडणी केली असेल, तर मजला कॉपी करताना खूणही दोनदा येऊ शकते. शिवाय एक गुणधर्म ‘प्रकारा’वर बदलला की त्या प्रकारची सगळी दारं बदलतात. एका दारासाठी केलेली दुरुस्ती गुपचूप शंभर दारांना लागू होते.

सर्वात मोठी फट मात्र साइटवर पडते. माल मिळाला नाही म्हणून कंत्राटदार दुसऱ्या कंपनीचं दार बसवतो आणि नोंद बदलत नाही. जमीन विकली गेली, पण फेरफार झाला नाही, तर सातबारा जुन्याच मालकाचं नाव सांगत राहतो. तसंच हे.

आणि नोंद अचूक असूनही खोटी असू शकते. ग्रेनफेल चौकशीच्या सप्टेंबर 2024 च्या अंतिम अहवालाने आवरणाचे पत्रे आणि उष्णतारोधक साहित्य बनवणाऱ्या व विकणाऱ्यांच्या पद्धतशीर अप्रामाणिकपणावर बोट ठेवलं. फसवं प्रमाणपत्र कितीही नीट जोडलं तरी फसवंच. सॉफ्टवेअर विकणारे हा मुद्दा सहसा काढत नाहीत.

आपल्याकडे काय?

नागपूर मेट्रो उभारताना महामेट्रोने ‘फाइव्ह-डी बिम’ वापरलं. म्हणजे त्रिमितीय प्रतिकृतीतले घटक वेळापत्रकाशी आणि खर्चाशी जोडले. पैसा आणि वेळ यांचा हिशेब चोख ठेवायला यंत्रणा लगेच तयार होते. सुरक्षेच्या नोंदींसाठी तीच घाई क्वचित दिसते.

महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार इमारतीतली अग्निशमन व्यवस्था चालू स्थितीत असल्याचं ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. ते परवानाधारक एजन्सीकडून घ्यायचं असतं. इंग्लंडमध्ये जानेवारी 2023 पासून 11 मीटरहून उंच निवासी इमारतींत सामाईक जागेतली अग्निरोधक दारं दर तीन महिन्यांनी तपासायची असतात, तर फ्लॅटची प्रवेशदारं वर्षातून एकदा. तिथे प्रमाणपत्र पुरत नाही, दार आणि दार मोजावं लागतं. त्यामुळे जुन्या इमारतींत माणसं मजल्या-मजल्यावर फिरून दारांवर क्रमांकाचे स्टिकर चिकटवतात, कारण त्या इमारती बांधल्या तेव्हा दारं नुसत्या रेघाच होती.