एका हाती सुई, दुसऱ्या हाती बेडी

मणिपुरात १९८९ सालापर्यंत हेरॉईन टोचून घेणाऱ्यांच्या रक्तात एचआयव्हीचा विषाणू जवळजवळ आढळत नव्हता. पुढच्या काही महिन्यांतच तपासलेल्यांपैकी निम्म्यांना त्याची लागण झाली होती. सीमेपलीकडून, म्यानमारमधून, हेरॉईन सहज येत होते. दुर्मिळ होती ती स्वच्छ सुई. खिशात ती सापडली तर पोलीस धरतील या धास्तीने एकच सुई अनेकांच्या हातांतून फिरे.

या अनुभवातून शहाणे होऊन मणिपूरने १९९६ साली आपल्या एड्सविषयक धोरणात सुया पुरविण्याला स्थान दिले. पुढे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेनेही तोच मार्ग पत्करला. वापरलेली सुई घेऊन नवी द्यायची; आणि ज्याची तयारी असेल त्याला केंद्रावर बोलावून ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली ठेवायला द्यायची. या गोळीने हेरॉईनची तलफ व शरीराच्या यातना आवरतात आणि माणूस कामावर जाऊ शकतो.

हे व्यसनाला उत्तेजन नव्हे काय, असा प्रश्न सज्जन माणसे विचारतात. गर्दच्या विळख्यातून माणसे पूर्णपणे सुटू शकतात, हे पुण्याच्या 'मुक्तांगण'ने १९८६ पासून दाखवून दिले आहे, आणि त्या कार्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. परंतु व्यसन सुटण्यासाठी माणूस आधी जिवंत राहावा लागतो. जो आज सोडू शकत नाही, त्याला आज मरू द्यावे, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

खरा दुटप्पीपणा शासनाचा आहे. एक खाते सुई देते, तर १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचे २७ वे कलम हेरॉईनच्या केवळ सेवनासाठी एक वर्षापर्यंत कैद सांगते. त्याच कायद्यातील कलम ६४-अ स्वेच्छेने उपचार घेणाऱ्याला खटल्यापासून अभय देते खरे. पण ते मागायला कायदा ठाऊक हवा, वकील हवा. हातगाडी ओढणाऱ्याजवळ यांतले काय असते? श्रीमंताचा मुलगा खाजगी रुग्णालयात 'रुग्ण' ठरतो आणि फूटपाथवरचा 'गुन्हेगार'.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या केंद्र सरकारच्याच पाहणीनुसार देशात सुमारे साडेआठ लाख लोक नशेसाठी सुई टोचून घेतात. इतक्यांना कोठडीत डांबता येणार नाही, आणि डांबले तरी तुरुंगात सुई पोचणार नाही याची हमी कोण देणार? तेव्हा सेवनासाठीची कैद रद्द करावी, सुई वाटणाऱ्या कार्यकर्त्याला पोलिसांचा उपद्रव होऊ नये अशी लेखी तजवीज करावी आणि गोळी देणारी केंद्रे मजुराच्या कामाच्या वेळा पाहून उघडावीत. दिवसाची मजुरी बुडवून गोळीसाठी रांगेत उभा राहणारा माणूस फार दिवस येत नाही.