मुलांचा कोनाडा

घरात देवाला देव्हारा असतो, धान्याला कणगी असते, दागिन्यांना कुलूपबंद पेटी असते. मूल मात्र घरभर असते आणि त्याचे स्वतःचे असे कुठेच काही नसते! असे म्हटले की वडील मंडळी उसळतात. "आम्ही सात भावंडे एका सतरंजीवर वाढलो, आमचे काय अडले?" काय अडले ते कळणार कसे? ते बोलायला जागाच नव्हती. आणि असे विचारणाऱ्यांच्याच कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला असते, हे विशेष.

शहरातल्या सुखवस्तूंचे ढोंग याहून निराळे. तिथे मुलांची खोली सजते. एकावर एक पलंग, छतावर चांदण्या, मुलाला निळा रंग नि मुलीला गुलाबी. पण आई दार न वाजवता आत येते आणि वही उघडून वाचते. अशी खोली म्हणजे मुलांना ठेवायचे शोकेस.

आमच्या विसरवाडीकडे, नवापूर तालुक्यात, प्रश्न खोलीचा नाहीच. प्रधानमंत्री आवास योजनेचे ग्रामीण घर २०१६ पासून किमान २५ चौरस मीटरांचे, तेही चुलीच्या जागेसकट. त्याआधी २० चे. मुंबईच्या बीडीडी चाळींतली १६० चौरस फुटांची खोली शंभर वर्षे कित्येक संसारांना पुरवावी लागली. जागा थोडी आहे, कबूल. पण थोड्या भाकरीचे तुकडे अधिक जपून करतात, की मुलांनाच उपाशी ठेवतात? त्याच घरात सर्वांत चांगली भिंत दूरदर्शन संचाला मिळते. टेबल आलेच तर ते मुलाला. मुलीने चुलीपाशी गुडघ्यावर वही ठेवून अभ्यास करावा. मग ती मागे पडली की म्हणायचे, हिचे शिक्षणात लक्ष नाही!

आश्रमशाळेतले मूल दिवाळीच्या सुटीत पत्र्याची पेटी घेऊन घरी येते. वर्षभर ती पेटी हेच त्याचे घर. घरी येताच ती सर्वांची होते. धाकटा पेन्सिली काढतो, मोठा वही फाडतो, आणि रडणाऱ्यालाच आपण आप्पलपोटा ठरवतो. ज्याचे स्वतःचे काहीच नाही, त्याने दुसऱ्याला द्यायचे तरी काय? हिसकावून घेतलेल्याला दान म्हणत नाहीत.

मुलाच्या खासगीपणाचा हक्क मान्य करणारा संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार भारताने १९९२ साली स्वीकारला. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. दोन्ही गोष्टी आमच्या उंबरठ्याबाहेर चपलांपाशी थांबल्या आहेत.

आम्ही महाल मागत नाही. प्रत्येक मुलामागे भिंतीत एक कोनाडा किंवा एक फळी, एक खुंटी, एक पेटी आणि तिची किल्ली त्याच्याच हाती. मुलगी मोठी होऊ लागली की बांबूच्या तट्ट्याचा एक आडोसा. बांबू विणणारे हात आमच्याकडे कमी नाहीत. आणि एक नियम, ज्याला दमडी लागत नाही : विचारल्यावाचून त्या कोनाड्याला कोणी हात लावायचा नाही, बापानेसुद्धा.

दिवाळीला भिंती सारवाल, रंगवाल. तेव्हा कोणती भिंत कोणाची, हे एकदा मुलांनाही विचारा.