पंखवाले, दातवाले आणि आमचे गुरुजी

माझ्या वयाच्या माणसाने काय वाचावं याबद्दल आमच्या तिरोड्यात एकमत आहे. सकाळी ज्ञानेश्वरीच्या चार ओव्या वाचाव्यात, दुपारी पेन्शनीचं पासबुक वाचावं, आणि मधल्या वेळात पेपरातलं निधनवार्तांचं पान वाचून, त्यात आपलं नाव नाही एवढी खात्री करून चहा मागावा. याच्या पलीकडे काही वाचलं की लोक घरच्यांकडे तब्येतीची चौकशी करतात.

माझ्या तब्येतीची चौकशी गेले तीन महिने चालू आहे. कारण मी पंखवाल्या देवदूतांची आणि दातवाल्या रक्तपिपासूंची प्रेमकथा वाचली. एक नव्हे, ओळीने पाच. त्याही इंग्रजीतून.

याची सुरुवात भाचीने केली. ती नागपूरला इंजिनिअरिंगला आहे. दिवाळीला आठ दिवस राहिली आणि जाताना चिवड्याचा डबा आठवणीने घेऊन गेली, पुस्तक मात्र उशीखाली विसरली. मुखपृष्ठ असं, की तिची मामी ते पालथं घालून वर पंचांग ठेवत असे. मुलगी काय वाचते हे पाहणं मामाचं कर्तव्य आहे, असं म्हणून मी रात्री नऊला ते उघडलं. कर्तव्य दीडला संपलं. खरं तर दीडलाही संपलं नव्हतं. पण आमच्या गावाशेजारी ३३०० मेगावॉटचा वीज प्रकल्प असला तरी माझ्या डोक्यावरचा एक दिवा किती वेळ जळावा हे सौभाग्यवती ठरवतात.

लेखिकेचं नाव नलिनी सिंग. नाव वाचून ती आपल्या बालाघाटची वाटेल, पण बाई जन्मली फिजीत आणि वाढली न्यूझीलंडमध्ये. मालिकेतलं पहिलं पुस्तक ‘एंजल्स ब्लड’, २००९ सालचं. त्यानंतर पंधराहून अधिक झाली. या जगात मंत्री, कलेक्टर वगैरे कारभारी असले तरी खरी सत्ता दहा महादेवदूतांची. दहा जणांनी पृथ्वी वाटून घेतलेली. न्यूयॉर्कला राफाएल, मोठ्या मनोऱ्यात राहतो. हिंदुस्थानही सुटलेला नाही; तो नेहा नावाच्या बाईकडे, आणि तिची सत्ता सापांवर आणि विषावर. हे देवदूत माणसांतून रक्तपिपासू तयार करतात. रक्तपिपासू झालं की जवळजवळ अमरत्व, पण त्याची किंमत शंभर वर्षांची चाकरी. चाकरी सोडून कुणी पळाला, की त्याला वास काढत शोधून परत आणणारे शिकारी असतात. अशी एक शिकारीण एलेना, तिला राफाएल कामावर ठेवतो, आणि पुढे जे व्हायचं ते होतं.

एवढं सगळं मी संध्याकाळी स्टेशनवरच्या बाकावर सांगून बसलो, ही दुसरी चूक. रेल्वेच्या इंग्रजी पाटीवर ज्याचं ‘तिरोरा’ होतं त्या आमच्या स्टेशनवर आम्ही पाच-सहा निवृत्त मंडळी रोज जमतो. मुंबई-हावड्याच्या गाड्या समोरून धडाडत जातात, आम्ही एकाही गाडीत बसत नाही. पण सगळ्यांच्या वेळा आम्हाला पाठ. आमच्यातले ज्येष्ठ म्हणजे गुरुजी. चाळीस वर्षं मराठी शिकवलं, आता वाचनालयाच्या पुस्तक-निवड समितीत आहेत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, “या वयात? पंखवाले पुरुष?”

मग त्यांनी तीन आरोप ठेवले. एक, हे सगळं खोटं आहे. यात जीवनदर्शन नाही. दोन, हे परकं आहे. आपल्या मातीत असलं काही नाही. तीन, याने तरुण मुलामुलींचं, विशेषतः मुलींचं वाचन बिघडतं. त्या दिवशी मी गप्प बसलो, कारण गाडी आली आणि आवाजात काही ऐकूच येईना. आता गाडी गेली आहे. ऐका.

पहिला आरोप खोटेपणाचा. सौभाग्यवतींना इंग्रजी येत नाही, म्हणून मी रोज रात्री जेवताना त्यांना आदल्या रात्रीची प्रकरणं मराठीतून सांगायला लागलो. शंभर वर्षांच्या कराराचं सांगितलं तेव्हा त्या पोळी लाटता लाटता म्हणाल्या, “म्हणजे सालगडीच झाला ना जी तो!” मी उडालोच. आमचा हा सारा मुलूख मालगुजारांचा. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव राहिले. आजही त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणजे थोडक्यात ‘मामा तलाव’ म्हणतात, आणि मी मामा असून माझ्या नावावर डबकंदेखील नाही. पाडव्याला साल ठरवायचं, वर्षभर राबायचं, मध्येच सोडून गेला तर शोधायला माणसं पाठवायची, हे माझ्या बायकोने माहेरी डोळ्यांनी पाहिलेलं. न्यूयॉर्कच्या मनोऱ्यातला तो रक्तपिपासू तिला एका वाक्यात ओळखू आला. माझी पन्नास पानं वाया गेली होती.

आणि पुढे ऐका. देवदूत रक्तपिपासू का बनवतात? हौस म्हणून नव्हे. त्यांच्या अंगात काळाने विष साठत जातं, ते माणसांत उतरवलं नाही तर देवदूतच पिसाळतो. हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “मोठ्यांच्या अंगातलं विष धाकट्यांच्याच अंगात उतरणार. आमच्या सासूबाईंना विचारा.” सासूबाई म्हणजे माझी आई. ती आता नाही, म्हणून विचारता आलं नाही. गुरुजी, याला जीवनदर्शन नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

मला स्वतःला दुसरंच आठवलं. १८७९ ते १९१६ या काळात साठ हजारांहून अधिक हिंदी मजूर फिजीच्या उसाच्या मळ्यांत नेले गेले, पाच वर्षांच्या करारावर. त्या ‘अ‍ॅग्रीमेंट’चं त्यांच्या तोंडी ‘गिरमिट’ झालं. आपल्याकडे गिरमिट म्हणजे सुताराचं भोक पाडायचं हत्यार. अर्थ फार लांब नाही. त्या फिजीत जन्मलेली एक बाई गोष्ट लिहिते आणि तिच्यात करार, चाकरी आणि पळालेल्याचा पाठलाग येतो. तिच्या मनात ते होतं की नाही हे तिचं तिला ठाऊक. माझ्या मनात आलं. पुस्तकाने माझ्या मनात एवढं आणलं, तर त्याने आपलं काम केलं असं मी समजतो.

दुसरा आरोप, आपल्या मातीत असलं काही नाही. गुरुजी, आपली माती म्हणजे कोणती? पैठण चालेल? पैठणच्या सातवाहन राजाच्या दरबारी गुणाढ्य नावाचा पंडित होता. पैज हरला म्हणून त्याने संस्कृत, प्राकृत आणि लोकभाषा सोडल्या आणि तो विंध्याच्या रानात गेला. तिथे पिशाचांची भाषा शिकून त्याने सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली. रानात शाई कुठली? स्वतःच्या रक्ताने लिहिली. पोथी राजाकडे पाठवली, तर राजाने नाक मुरडलं: केवढी लांबलचक, पिशाचांची भाषा, आणि वर रक्ताची अक्षरं! थोडक्यात, पैठणच्या पुस्तक-निवड समितीने ती परत केली.

मग गुणाढ्याने टेकडीवर आग पेटवली. एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवायचं आणि आगीत टाकायचं. हरणं, रानडुकरं चरायचं विसरून डोळ्यांत पाणी आणून ऐकत उभी. इकडे राजा आजारी पडला. वैद्य म्हणाले, खाण्यातलं मांस सुकं आहे. आचाऱ्याने शिकाऱ्यांना धरलं, शिकारी म्हणाले, रानात कुणी बामण गोष्ट वाचतोय आणि जनावरं चरतच नाहीत. राजा धावत गेला तेव्हा सहा लाख श्लोक जळून गेले होते. उरलेला एक लाख वाचला, आणि त्यात काय होतं? नरवाहनदत्त नावाच्या राजपुत्राची कथा: त्याच्या प्रेमकथा, त्याची लग्नं, आणि शेवटी आकाशात उडणाऱ्या विद्याधरांचं सम्राटपद! अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने त्यावरून ‘कथासरित्सागर’ रचला, आणि त्यातच विक्रमाच्या मानगुटीवर बसणारा आपला वेताळ आहे. रिचर्ड बर्टनने १८७० साली त्या गोष्टी इंग्रजीत नेल्या तेव्हा वेताळाला ‘व्हॅम्पायर’ म्हटलं. स्टोकरचा ड्रॅक्युला यायला अजून सत्तावीस वर्षं होती.

म्हणजे उडणारे, रक्तवाले, प्रेमात पडणारे आणि न संपणारे, असं सगळं पैठणला होतं. आपण नाक मुरडलं आणि सातातले सहा लाख श्लोक जाळले. परकं काय आहे, गुरुजी? नाक मुरडणं तेवढं अस्सल आपलं.

राहता राहिली अमरांची आणि मर्त्यांची प्रीत. त्यातही विदर्भाने कुणाकडून धडे घ्यावेत असं नाही. दमयंती आपलीच. तिच्या स्वयंवराला इंद्र, अग्नी, वरुण आणि यम असे चार देव नळाचं रूप घेऊन बसले. पाच नळ! पोरीने पाहिलं, कुणाच्या पापण्या लवत नाहीत, कुणाला घाम येत नाही, कुणाची माळ सुकत नाही, कुणाचे पाय जमिनीला लागत नाहीत. आणि ज्याला घाम येत होता त्याच्या गळ्यात तिने माळ घातली. आमच्या बाजूला एप्रिल-मेमध्ये स्वयंवर असतं तर देव लांबूनच ओळखू आले असते, हे वेगळं. दमयंतीने देव नाकारला, एलेना देवदूत पत्करते. पण निवड दोघींनी स्वतः केली. आमच्या घराण्यात अजून मुलीला पाहायला आल्यावर फोटोतला मुलगा हाच का, एवढंच विचारायची सोय आहे.

तिसरा आरोप बिघडण्याचा. पुस्तकं निर्दोष आहेत असं मी म्हणत नाही. प्रत्येक पुरुष देखणा. हजारो वर्षांचा झाला तरी कुणाची कंबर धरत नाही. जिथे दोन पानांत भागतं तिथे बाई वीस पानं घेतात. आणि नायक सारखा धमकावतो, हे मला खटकलं. मी भाचीला फोन केला. “अगं, हा माणूस हिला धमक्या देतो, आणि तू याला प्रेम म्हणतेस?” ती म्हणाली, “मामा, मी कुठे म्हणते? म्हणून तर एलेना त्याच्या पंखात गोळी घालते. तुम्ही ते पान गाळलं का?” गाळलं नव्हतं, दिवा गेला होता. आमच्या पिढीच्या नायिका अशा वेळी खिडकीशी उभ्या राहून आसवं गाळीत. मला ही सुधारणा वाटली.

मग मी तिला सहज विचारलं, “मराठी काय वाचतेस?” पलीकडे शांतता. नंतर म्हणाली, “मामा, मराठीत असं काही आहे का?”

खरं सांगतो, या प्रश्नाने मला पाचही पुस्तकांतल्या एकाही रक्तपिपासूने घाबरवलं नव्हतं इतकं घाबरवलं. काय सांगणार? बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. आमच्या पिढीने मास्तरांच्या धाकाने त्या भूगोलाच्या पुस्तकात लपवून वाचल्या आणि त्यांच्यावरच आमची वाचायची सवय लागली. नारायण धारपांनी स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वरून ‘लुचाई’ लिहून रक्तपिपासू मराठीत आणून बसवले. वाचणाऱ्यांनी फडशा पाडला. आणि मानाचं पान? ते वाचून झालेल्यांना नव्हे, कपाटात शोभणाऱ्यांना. पोराबाळांनी मजेने वाचलेलं ते ‘खालचं’, जांभया देत वाचलेलं ते ‘वरचं’, असा आपण कायदा केला. आता पोरं मजेचं इंग्रजीत वाचतात आणि जांभया मराठीत देतात. त्यांचं वाचन बिघडलं नाही, गुरुजी. ते फक्त दुसऱ्या गावाला गेलं. आणि तिकीट आपण काढून दिलं. आपण म्हणजे तुम्ही समितीत बसून, आणि मी; कारण माझ्या कपाटातही चरित्रं पुढे आहेत आणि धारप मागे.

म्हणून मी वाचनालयाच्या मागणी-वहीत लिहिलं: ‘धारप आणि अर्नाळकर यांची पुस्तकं दर्शनी कपाटात ठेवावीत. अद्भुत प्रेमकथांची मराठी भाषांतरं निघाल्यास मागवावीत.’ पुढच्या महिन्यात शेऱ्याच्या रकान्यात गुरुजींचं वळणदार अक्षर: ‘अनावश्यक.’ मी पुन्हा लिहिलं. पुन्हा ‘अनावश्यक.’ गुरुजींचा ‘श्य’ फार सुंदर आहे; पैठणच्या राजाचाही असावा.

परवा तिसऱ्यांदा लिहायला वही उघडली, तर शेऱ्याच्या खाली पेन्सिलीने कुणी तरी लिहिलेलं: ‘मराठीत निघाल्यास दोन प्रती घ्याव्यात. एक माणूस सांगताना मधली पानं गाळतो.’

सही नव्हती. पण ते अक्षर मी रोज पाहतो. आमच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवर त्याच अक्षरात ‘तूरडाळ’, ‘पोहे’ आणि ‘साखर (यांना देऊ नये)’ असं लिहिलेलं आहे.