बी-७०४ची आई

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आमच्या सोसायटीच्या गेटवर स्कूलबस येते आणि सात अकराला जाते. मधलं जे एक मिनिट आहे ना, ते माझ्या अख्ख्या दिवसातलं सगळ्यात अवघड.

कारण त्या मिनिटात मला बी-७०४ची आई दिसते.

तिचं नाव मला माहितीय. पण मोबाइलमध्ये ती 'बी-७०४ची आई' म्हणूनच सेव्ह आहे. (मीही तिच्याकडे 'ए-३०२ची आई' असणार. मुलं झाली की आपली नावं गळून पडतात, फ्लॅट नंबर तेवढे उरतात.) तर ही बाई इस्त्रीचा कुर्ता घालून येते. केस धुतलेले आणि चक्क वाळलेले! सकाळी सातला वाळलेले केस म्हणजे काय चैन असते, हे ज्यांच्या घरी पाच वर्षांचं पोर आहे त्यांनाच कळेल. मी रात्रीच्या टी-शर्टवर ओढणी टाकून, एका हातात वॉटरबॅग आणि दुसऱ्या हातात राहिलेला बूट घेऊन धावत येते.

आणि डबा! एकदा बसमध्ये चढताना तिच्या मुलीच्या डब्याचं झाकण उघडलं, तेव्हा मी पाहिला. बिटाच्या पराठ्याचे तारे. काकडीची फुलं. आमच्या डब्यात पोळीचा रोल. आत जॅम. आदल्या दिवशीही तोच होता, फक्त त्या दिवशी आत तूप-साखर होती.

बरं, ती घरी असते म्हणावं तर तसंही नाही. ती आपल्यासारखीच नोकरी करते, हिंजवडीलाच जाते, त्याच ट्रॅफिकमध्ये अडकते.

मग मी काय केलं? जे आपण सगळ्या करतो तेच. खोट शोधायला लागले. डबा नक्की बाहेरून मागवत असेल. मुलीला फार धाकात ठेवत असेल. नवऱ्याशी पटत नसणार, म्हणून तर एवढं नटायला वेळ मिळतो. (यात काय लॉजिक आहे, ते मलाही विचारू नका.) संध्याकाळी नवऱ्याला रोजचा बुलेटिन. तोही बिचारा लॅपटॉपमधून मान न काढता विचारायचा, "आज काय, चौकोन की त्रिकोण?"

गंमत बघा, सिनेमातल्या नट्यांच्या दिमतीला चार-चार नॅनी असतात, त्यांचा मला कधी हेवा वाटला नाही. लिऑन फेस्टिंगर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्येच हे मांडून ठेवलंय, की माणूस स्वतःला मोजतो ते आपल्यासारख्याच माणसांशी. आपल्यापासून फार लांब असलेल्यांशी नाही. म्हणजे हेवा वाटायला शेजारची विंगच लागते. पगार साधारण तोच, मुलीचं वय तेच, बस तीच. मग तिला जमतं आणि मला का नाही?

हा प्रश्न माझ्यापुरता राहिला असता तर चाललं असतं. पण तो एका बुधवारी माझ्या तोंडून बाहेर पडला, आणि तोही मुलीसमोर. ती मोजा उलटा घालून बसली होती, दूध तसंच होतं, सात वाजून गेले होते. मी ओरडले, "बघ, ती कशी शहाण्यासारखी वेळेवर येते. नाहीतर तू!"

कन्येनं शांतपणे मोजा सुलटा केला आणि म्हणाली, "तिची आई ओरडत नाही."

रडली वगैरे नाही हं. नुसती माहिती दिल्यासारखं बोलली. मी तिला बसमध्ये बसवलं, हात हलवला आणि लिफ्टमध्ये रडून घेतलं. तीन मजल्यांत जेवढं बसेल तेवढं.

दुसऱ्या दिवशी बस गेल्यावर मी बी-७०४ला थांबवलं. म्हटलं, "ए, एक विचारू? तू हे सगळं कसं करतेस गं?"

ती आधी गोंधळली. मग हसली. "मी कुठे करते? डबा बाबा करतात."

तिचे बाबा चित्रकलेचे शिक्षक होते. (तारे! फुलं!) पहाटे साडेचारला उठायची सवय, स्वस्थ बसवत नाही. मुलीची अंघोळ-वेणी नवऱ्याकडे, तो लग्नाआधी भाच्यांच्या वेण्या घालायचा. "मी साडेसहाला उठते, केस धुते नि खाली येते," ती म्हणाली. "बाबा असतात म्हणून गं. आई गेल्यावर आले आमच्याकडे. दोन वर्षं होतील."

यावर काय बोलायचं ते मला सुचलं नाही. माझी आई नाशिकला आहे. रोज रात्री साडेनऊला तिचा फोन येतो आणि मी तो कानाशी धरून भांडी विसळते.

तिनं काहीच लपवलं नव्हतं. एवढ्या दिवसांत मी तिला विचारलंच नव्हतं, एवढंच. तिच्या घरी सकाळी सहा हात कामाला असतात. माझ्या घरी दोन. आणि मी त्या सहा हातांची बेरीज एकट्या तिच्या नावावर मांडून वर तिच्यावरच जळत होते.

मग मी आमच्या घराचा हिशेब केला. २०२४ च्या सरकारी टाइम यूज सर्व्हेत घरातल्या बिनपगारी कामांचा रोजचा वेळ दिलाय. बायका २८९ मिनिटं, पुरुष ८८. म्हणजे जे पुरुष करतात त्यांची ही सरासरी बरं का, न करणारे त्यात धरलेलेच नाहीत. आमच्याकडे सकाळी सहा ते सव्वासातचा हिशेब त्याहून सोपा निघाला. माझी पंच्याहत्तर मिनिटं. त्याची चहा पिण्याची दहा.

रात्री त्याला कागद दाखवला. तो खरंच ओशाळला. आणि मग म्हणाला ते वाक्य, जे तुमच्याही घरी म्हटलं जातं. "अगं, मग सांगायचंस ना!"

ऑफिसात ह्याच माणसाला कुणी सांगावं लागत नाही. तिथं तो प्रोअ‍ॅक्टिव्ह म्हणून अप्रेझलमध्ये रेटिंग घेतो. घरी मात्र मोजे कुठे, डब्याला काय, उद्या पीटीचा ड्रेस की नेहमीचा, हे आधी मी लक्षात ठेवायचं आणि मग त्याला सांगायचं. अरे, ते लक्षात ठेवणं हेच तर काम! हे मी जरा मोठ्यानं बोलले. मुलगी झोपली होती, नाहीतर माझ्या खात्यात आणखी एक ओरडणं जमा झालं असतं.

आता मंगळवार-गुरुवार डबा त्याचा. 'काय करू' हे विचारायचं नाही, ही अट. पहिल्या मंगळवारी त्यानं सव्वापाचचा अलार्म लावला, वाटीनं पराठा कापायला गेला आणि जे काही निघालं ते तो महाराष्ट्राचा नकाशा म्हणून खपवत होता. कोकण बाजूनं जरा करपला होता. कन्येनं शाळेत सगळ्यांना दाखवला म्हणे.

त्या दिवशी मी गेटवर सात वाजून आठ मिनिटांनी पोचले. केस ओलेच होते. बी-७०४ची आई लिंबू रंगाच्या कुर्त्यात, वाळलेल्या केसांनी उभी होती आणि खरं सांगते, पोटात बारीकसं काहीतरी हललंच. पण दोन मिनिटं हाताशी होती, म्हणून मी तिला तिच्या आईबद्दल विचारलं. ती सांगत होती तेवढ्यात बस आली.