पहाटे अडीच वाजता कोणाला विचारताय?

खोलीत कुणी नसताना प्रश्न विचारायचा आणि उत्तर येईपर्यंत हातावर हात ठेवून बसून राहायचं, असं एखादा माणूस करायला लागला तर घरचे त्याला डॉक्टरकडे नेतील. प्रोग्राम असं करतो तेव्हा आपण त्याला 'इंटरॅक्टिव्ह' म्हणतो, आणि ज्याने तो रात्री चालवला त्याच्याकडे खुलासा मागतो.

मी बोलतोय ते फाइल इकडून तिकडे नेणाऱ्या प्रोग्रामांबद्दल. ज्यांना बटणं नसतात, चित्रं नसतात, काळ्या खिडकीत एक ओळ लिहिली की जे कामाला लागतात, ते. एफटीपी, एसएफटीपी, एससीपी, पीएसएफटीपी ही त्यांतली काही नावं. तुम्ही हा लेख फोनवर वाचताय, तेव्हा यातलं एकही नाव तुम्ही कधी टाइप केलं नसण्याची शक्यता बरीच आहे. पण तुमचा पगार जमा झाल्याचा मेसेज येतो, त्याच्या आधी कंपनीकडून बँकेकडे एक यादी गेलेली असते, आणि अनेक ठिकाणी ती अशाच एखाद्या प्रोग्रामने गेलेली असते. १ ऑगस्ट २०२१ पासून 'नाच' ही ठोक देयकांची व्यवस्था आठवड्याचे सातही दिवस चालते, म्हणून पगार रविवारीही जमा होऊ शकतो. रविवारी ना कंपनीत कुणी असतं, ना बँकेच्या कचेरीत. असते ती एक स्क्रिप्ट, म्हणजे आधीच लिहून ठेवलेल्या हुकमांची यादी, आणि ती ठरल्या वेळी सुरू करणारं एक घड्याळ.

त्या यादीतला एक प्रोग्राम मध्येच थांबतो आणि विचारतो, "या सर्व्हरला मी ओळखत नाही. पुढे जाऊ का? हो की नाही?"

कोणाला विचारतोय?

प्रोग्राम मेला असता तर बरं झालं असतं. मेलेल्याची खबर लागते. त्याच्या मागे एक आकडा उरतो, ज्याला एक्झिट कोड म्हणतात, आणि तो शून्य नसेल तर स्क्रिप्टला कळतं की घोटाळा झाला. मग ती पुन्हा प्रयत्न करेल, कुणाला तरी मेसेज पाठवेल, निदान नोंद तरी करेल. पण प्रश्न विचारून थांबलेला प्रोग्राम मेलेला नसतो. तो 'चालू' असतो. रात्रपाळीला बसलेल्या पोराला फोन येतो, "स्टेटस काय?" तो पडद्याकडे बघून खरं तेच सांगतो, "रनिंग आहे, सर."

विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये हा प्रकार किती लांबतो ते पाहा. नवीन काम लावताना दोन गोष्टी तिथे आधीपासून भरलेल्या असतात. एक, काम तीन दिवसांहून जास्त चाललं तर ते बंद करा. दोन, आधीचं काम चालूच असेल तर नवीन सुरू करू नका. दोन्ही सुट्या वाचल्या तर समंजस वाटतात. आता त्यात आपला प्रश्नाळू प्रोग्राम टाका. शुक्रवारी पहाटे अडीचला तो प्रश्न विचारून थांबला. कुणालाही न दिसणाऱ्या खिडकीत तो प्रश्न लुकलुकत राहिला. शनिवारी अडीच वाजले. आधीचं चालू आहे, म्हणून नवीन सुरूच झालं नाही. रविवारीही तेच. बहात्तर तास एक प्रोग्राम 'हो की नाही' याची वाट बघत बसतो, आणि यंत्रणेच्या लेखी कुठेही काही चुकलेलं नसतं.

सोमवारी मात्र चुकलेलं असतं, आणि मग आरसीए नावाचा कागद तयार होतो. मूळ कारण शोधण्याचा तो कागद. त्यात 'मानवी चूक' हे दोन शब्द लिहिणं सगळ्यांनाच सोयीचं असतं. स्क्रिप्ट लावणाऱ्या पोराने एक जादाचा शब्द लिहायला हवा होता, तो लिहिला नाही. बहुतेकदा तो पोरगा नोकरीत नवा, पगाराने सगळ्यांत कमी आणि बैठकीत सगळ्यांत गप्प असतो. ज्याने तो प्रश्न प्रोग्राममध्ये लिहिला आणि तो न विचारण्याचा पर्याय कागदपत्रांच्या पोटात कुठेतरी ठेवला, त्याचं नाव त्या कागदावर कधी येत नाही. माझं भांडण आहे ते इथे.

आणि त्या पोराने चाचणी घेतली नव्हती असंही नसतं. पुट्टीच्या जातकुळीतले प्रोग्राम सर्व्हरची ओळख विंडोजच्या रजिस्ट्रीत साठवतात, आणि तीही ज्या त्या वापरकर्त्याच्या खात्यात. पोराने दुपारी स्वतःच्या नावाने स्क्रिप्ट चालवली, प्रश्न आला, त्याने 'हो' म्हटलं, ओळख त्याच्या खात्यात नोंदली गेली. पुन्हा चालवली, प्रश्न आला नाही. चाचणी पास. रात्री तेच काम वेगळ्या सर्व्हिस खात्यातून सुरू झालं. त्या खात्याने तो सर्व्हर जन्मात पाहिलेला नाही. म्हणून पुन्हा प्रश्न. 'मायनस बॅच' असा एक शब्द हुकमात घातला असता तर प्रोग्रामने प्रश्न न विचारता माघार घेतली असती. तो शब्द आहे, हे मान्य. पण तो आठवणीने घालावा लागतो, आणि न घातल्याची शिक्षा दुपारी मिळत नाही, रात्री मिळते.

या वागण्याला परंपरेचा आधार आहे म्हणावं, तर तोही नाही. एफटीपीचा पहिला मसुदा १९७१च्या एप्रिलमध्ये अभय भूषण यांनी लिहिला. हे आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले. तेव्हा अमेरिकेत एमआयटीत होते. पुढे १९८५ साली जो मसुदा प्रमाण ठरला, त्याच्या सुरुवातीलाच स्पष्ट म्हटलंय की माणूस टर्मिनलवर बसून हे वापरू शकत असला, तरी याची घडण मुख्यतः प्रोग्रामांनी वापरण्यासाठी आहे. सर्व्हरचं प्रत्येक उत्तर तीन आकड्यांनी सुरू होतं तेही याचसाठी. ३३१ म्हणजे नाव कळलं, आता पासवर्ड द्या. २३० म्हणजे आत या. ५३० म्हणजे प्रवेश नाही. आकडा यंत्रासाठी, पुढचं वाक्य माणसासाठी. दोन यंत्रांनी आपसात नीट बोलावं म्हणून इतका विचार करून ठेवलेला होता. त्यावर आपण बांधलं काय, तर दर फाइलमागे 'आणू का?' विचारणारा क्लायंट.

अतिशयोक्ती नाही ही. जुन्या एफटीपी क्लायंटमध्ये अनेक फाइली एकदम आणायचा हुकूम आहे, एमगेट. तो दिला की प्रत्येक फाइलीचं नाव घेऊन विचारणा होते. टर्मिनलवर बसलेल्याला हे फार तर कंटाळवाणं. पण हुकूम स्क्रिप्टमधून येत असतील, तर क्लायंट उत्तरही तिथूनच वाचतो, म्हणजे पुढच्या ओळी हुकूम न राहता उत्तरं होऊन बसतात. फाइल हलवा, फोल्डर बदला, बाहेर पडा, जे काही लिहिलं असेल ते एकेका फाइलीच्या प्रश्नाखाली गिळलं जातं. प्रश्न बंद करायला 'मायनस आय' लिहायचं असतं. हे ज्याला ठाऊक आहे तो म्हणतो, "एवढं साधं माहीत नाही?" आमच्या धंद्यात ज्ञानाचा निम्मा रुबाब असल्या अडचणी पाठ असण्यावर चालतो.

आता खरा आक्षेप घेऊ, कारण तो पोकळ नाही. एसएसएचचा जन्मच १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्र विद्यापीठाच्या नेटवर्कवर झालेल्या पासवर्ड-चोरीतून झाला. टाटू इलोनेन यांनी ती त्यावर उतारा म्हणून लिहिली. अनोळखी सर्व्हर दिसला की ती थांबून विचारते ते उगाच नाही. मध्ये कुणी तोतया बसला असेल तर? तुमची यादी, तुमचा पासवर्ड त्याच्या हातात जाईल. तेव्हा प्रश्न विचारायलाच हवा, असं सुरक्षावाले म्हणतात.

प्रश्न रास्त आहे. पण तो रिकाम्या खोलीत विचारल्याने सुरक्षा किती वाढली? एका कवडीनेही नाही. उलट घटली, कारण रात्री दोनदा झोपमोड झालेला माणूस तिसऱ्या दिवशी काय करतो ते आम्हाला चांगलं माहीत आहे. तो तपासणीच बंद करतो. ओपनएसएसएचमध्ये 'स्ट्रिक्टहोस्टकीचेकिंग' नावाची सेटिंग आहे, तिच्यापुढे 'नो' लिहितो. वर ओळखींची वहीही डेव्ह-नलमध्ये, म्हणजे यंत्राच्या कचराकुंडीत पाठवतो. झालं, दारात नंदीबैल उभा. काहीही विचारा, मान डोलावणार. पाऊस पडेल का? हो. हा बँकेचा सर्व्हर आहे का? हो. हा चोर आहे का? त्यालाही हो.

मार्च २०२३ची गोष्ट घ्या. गिटहबची एक खाजगी किल्ली चुकून थोड्या वेळासाठी सार्वजनिक जागी उघडी पडली, म्हणून २४ तारखेला त्यांनी आपली आरएसए ओळख बदलली. जुनी ओळख साठवून ठेवलेल्या कित्येक यंत्रांवर मोठा इशारा आला आणि कामं थांबली. विचारणा नाही, 'ओळख बदललीय, मी जात नाही' एवढंच. ज्यांच्या स्क्रिप्टी त्या दिवशी पडल्या ते चिडले असतील, पण त्यांची व्यवस्था बरोबर होती. ज्यांनी दारात नंदीबैल बांधला होता त्यांच्या स्क्रिप्टी सुखाने चालल्या, आणि समोर खरा तोतया असता तरी तशाच चालल्या असत्या. बदललेल्या ओळखीला एसएसएच ठाम नकार देऊ शकते, मग माणूस नसताना नव्या ओळखीलाही तसाच ठाम नकार का नको? तशी सोय आहेच. 'बॅचमोड' चालू केला की ती पासवर्डही मागत नाही आणि ओळखीचा प्रश्नही विचारत नाही, सरळ अपयश सांगून बाहेर पडते. फक्त तो मूळचा बंद असतो.

"समोर माणूस आहे की नाही, हे प्रोग्रामला कसं कळणार?" असं कुणी साळसूदपणे विचारतं तेव्हा मला हसू येतं. युनिक्समध्ये याचसाठी एक छोटं फंक्शन फार पूर्वीपासून आहे, इझ-ए-टीटीवाय. पलीकडे टर्मिनल आहे का एवढंच ते सांगतं. एससीपी ते वापरतेही. कशाला? किती टक्के फाइल गेली ती पट्टी दाखवायची की नाही, हे ठरवायला! आउटपुट टर्मिनलवर जात नसेल तर पट्टी गायब. सजावटीपुरती समज आहे, प्रश्नापुरती नाही. एसएसएच तर पासवर्ड मागताना एक पाऊल पुढे जाते. तुम्ही तिच्या तोंडाशी दुसरीकडून मजकूर लावून दिलात, तरी ती तो बाजूला सारून थेट मूळ टर्मिनल शोधत जाते. यामागे कारण आहे, आणि पासवर्ड हुकमाच्या ओळीत लिहू न देण्यामागेही आहे. तो यंत्रावरच्या इतरांना दिसू शकतो. त्यांचं म्हणणं असं की किल्ल्या वापरा. वापरतोच की. पण पलीकडची संस्था "आम्ही पासवर्डच देतो" म्हणून अडून बसली, तर या शहाणपणाचा रात्रपाळीला उपयोग काय?

मग पळवाटा निघतात. डॉन लाइब्स यांनी १९९०च्या सुमारास अमेरिकेच्या मानक संस्थेत काम करताना 'एक्स्पेक्ट' नावाचा प्रोग्राम केला. त्याचं काम म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामचे प्रश्न वाचून माणसाच्या वतीने उत्तरं टाइप करायची. कारागिरी म्हणून अप्रतिम. पण ज्या धंद्यात प्रोग्रामसमोर माणूस असल्याचं सोंग आणायला दुसरा प्रोग्राम ठेवावा लागतो, त्याने स्वतःला अभियांत्रिकी म्हणवून घेताना जरा चाचरायला हवं. शिवाय प्रश्नाच्या शब्दांत पुढच्या आवृत्तीत एक स्वल्पविराम बदलला, की सोंग उघडं पडतं आणि आपण परत पहाटे अडीचला.

हे दुसऱ्या तऱ्हेने होऊच शकत नाही असं नाही. कर्ल पाहा. स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांचा हा प्रोग्राम १९९८ पासून त्या नावाने फिरतोय. वापरकर्त्याचं नाव देऊन पासवर्ड द्यायचा राहिला तर तो विचारतो. एरवी तो जवळजवळ काहीच विचारत नाही. जमलं नाही की आकडा देऊन निघून जातो. ६७, लॉगिन नाकारलं. २८, वेळ संपली. ७८, फाइल तिथे नाही. रात्रपाळीच्या पोराला एवढंच हवं असतं. त्या आकड्यावरून त्याला कळतं की आता बँकेच्या माणसाला उठवायचं की नेटवर्कवाल्याला.

तेव्हा नवीन अवजार लिहिणाऱ्यांकडे मागणी साधी आहे. समोर टर्मिनल नसेल तर मूळ वागणूक नकाराची ठेवा. ज्याला प्रश्न हवेत त्याने जादाचा शब्द लिहावा. आज उलटं आहे. टर्मिनल असूनही माणूस उठून गेलेला असतो, म्हणून प्रश्नाला मुदत लावा. नकार देताना कोणता प्रश्न विचारायचा होता ते एका ओळीत नोंदवा, म्हणजे सकाळी येणाऱ्याला अंदाज बांधत बसावं लागणार नाही.

आणि जुनी अवजारं ज्यांच्या गळ्यात आहेत त्यांनी तोवर एवढं करावं. स्क्रिप्ट रात्रीच्या घड्याळाला लावण्याआधी दुपारीच, ज्या खात्यातून ती रात्री चालणार त्याच खात्यातून, इनपुट डेव्ह-नलला जोडून आणि दहा मिनिटांची मुदत घालून चालवून बघावी. तीन दिवसांची ती मुदत खोडून कामाला खरोखर जेवढा वेळ लागतो तेवढी घालावी. आरसीएच्या बैठकीला जाताना प्रोग्रामच्या त्या प्रश्नाचा स्क्रीनशॉट घेऊन जावं, आणि 'मानवी चूक' हे शब्द पडद्यावर आले की हात वर करून विचारावं, कोणत्या मानवाची?